पटकीचे विष पेशीत काय करते?

तुमच्या गावाच्या वेशीजवळ मरीआईचे ठाणे आहे का? असल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारून पाहा. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन ठेवायचा आणि पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे ढकलायचा, अशी रीत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी होती. रोग मात्र गाड्यातून जात नसे. तो माणसांबरोबर आणि पाण्याबरोबर जाई. पंढरपूरची यात्रा आटोपून वारकरी घरोघर परतत, तेव्हा वाटेवरच्या गावांतही पटकी उतरे. पटकी म्हणजेच कॉलरा. काही भागांत याच रोगाला वाखा म्हणत.

या रोगाची एवढी दहशत का वाटे? त्याच्या वेगामुळे. सकाळी औत घेऊन शेतावर गेलेला धडधाकट माणूस रात्रीपर्यंत दगावलेला असे. त्याला ताप नसे, पोटात फारशी कळही नसे. नुसते जुलाब आणि उलट्या. जुलाब कसले, तांदळाच्या धुवणासारखे पाणीच! रोग जोरात असला तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून निघून जाते. साठ किलो वजनाच्या माणसाचे पाच-सहा लिटर पाणी असे गेले की डोळे खोल जातात, हाताची बोटे सुरकुततात, आवाज बसतो आणि नाडी हाताला लागेनाशी होते. रक्तातलेच पाणी आटल्यामुळे रक्त फिरेनासे होते. उपचार न मिळाल्यास जोरदार पटकी झालेल्यांपैकी सुमारे निम्मे रोगी मरतात.

आता प्रश्न असा की, एवढे पाणी आतड्यात आले कोठून? तुम्ही म्हणाल, जंतूंनी आतड्याचे अस्तर कुरतडले असेल, पेशी फोडल्या असतील. मोठमोठ्या डॉक्टरांनाही कित्येक वर्षे असेच वाटत होते. पण १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बँकॉकमधील रोग्यांच्या लहान आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा अस्तर जागच्या जागी शाबूत असल्याचे आढळले! पेशी जिवंत, रांगेत नीट उभ्या. जंतू त्यांच्या आत नव्हतेच. आमांशाचा जंतू पेशीत घुसतो, विषमज्वराचा जंतू अस्तर ओलांडून पार रक्तापर्यंत पोचतो. पटकीचा जंतू यातले काहीच करत नाही. तो पेशीच्या दाराबाहेर बसून राहतो, आणि तरीही घर रिकामे होते.

हे कोडे कसे सुटले ते पाहू. त्यात आपल्या देशातल्या दोन प्रयोगशाळांचा मोठा वाटा आहे.

पटकीचा जंतू प्रथम इटलीतील फिलिपो पाचिनी याने १८५४ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिला. पण त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हा १८८३ साली आधी इजिप्तला व तेथून कलकत्त्याला आला. तेथे त्याने रोग्यांच्या जुलाबातून हा जंतू वेगळा करून वाढवला. हा जंतू किंचित वाकडा असतो, स्वल्पविरामाच्या चिन्हासारखा. लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट. एका टोकाला शेपटीसारखी एकच कशाभिका असते आणि तिच्या जोरावर तो पाण्यात सुळकन पळतो. त्याचे नाव व्हिब्रिओ कॉलरी.

हा जंतू एखादे विष सोडत असावा, असे कॉखलाही वाटत होते. पण ते सिद्ध होईना. अडचण अशी की उंदीर, ससा, गिनीपिग यांना जंतू पाजले तरी त्यांना माणसासारखी पटकी होत नाही. मग संशोधकांनी जंतू प्राण्यांच्या पोटाच्या पोकळीत, शिरेत, कातडीखाली टोचून पाहिले. प्राणी कधी मरत, पण पटकीने नव्हे. त्यावरून या जंतूचे विष त्याच्या शरीरातच अडकलेले असते आणि जंतू मेल्यावरच ते सुटते, असे मत रूढ झाले. मत एकदा पाठ्यपुस्तकात गेले की ते हलवणे किती कठीण असते, हे शिक्षकांना सांगायला नको! पाऊणशे वर्षे हे असेच चालले. विष शोधणारे ते नको त्या जागी शोधत होते.

कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांनी साधा विचार केला. रोग आतड्यात होतो, तर परीक्षाही आतड्यातच घ्यावी. त्यांनी बधिर केलेल्या सशाचे पोट उघडून लहान आतड्याचा काही सेंटिमीटर लांबीचा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला. त्या भागाचा रक्तपुरवठा तसाच चालू ठेवला. अशा रीतीने आतड्याची एक बंद पिशवी तयार झाली. त्या पिशवीत त्यांनी सुईने पटकीचे जंतू सोडले, पोट शिवून टाकले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर पिशवी पाण्याने टम्म फुगलेली! नुसता पोषक द्रव सोडलेली शेजारची पिशवी मात्र चपटीच राहिली होती. हा प्रयोग त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला.

यापुढची पायरी खरी महत्त्वाची. डॉ. डे यांनी जंतू पोषक द्रवात वाढवले आणि मग तो द्रव गाळून सगळे जंतू काढून टाकले. उरलेल्या स्वच्छ द्रवात एकही जंतू नव्हता. तो सशाच्या आतड्याच्या पिशवीत सोडला, तरी पिशवी तशीच फुगली. म्हणजे जंतू जिवंत असतानाच काहीतरी बाहेर टाकतो आणि ते ‘काहीतरी’च पाणी ओढून आणते. हा निबंध १९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या संशोधकांनी सशाच्या तान्ह्या पिलांच्या पोटात जिवंत जंतू नसलेला जंतूंचा अर्क देऊन पटकीसारखे जुलाब घडवून दाखवले. दोन शहरे, दोन वेगळ्या वाटा आणि उत्तर एकच.

ससा, दोरा, सुई आणि गाळणी! डॉ. डे यांच्या प्रयोगाला याहून भारी सामग्री लागली नाही. त्यांच्या कामाचे मोल आपल्याकडे फार उशिरा कळले, याची खंत वाटते. १९७८ साली स्टॉकहोमला पटकीवर नोबेल परिसंवाद भरला, तेव्हा त्यांना आवर्जून बोलावले होते. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाने त्यांच्यावर खास अंक काढला तो १९९० साली. पण १९८५ सालीच ते वारले होते.

हे विष शुद्ध स्वरूपात अमेरिकेतील फिंकेलस्टाइन आणि लोस्पॅलुटो यांनी १९६९ साली वेगळे केले. ते एक प्रथिन निघाले. त्याचा रेणुभार सुमारे ८५,०००, म्हणजे पाण्याच्या रेणूच्या साडेचार हजार पटींहून जास्त. त्याचे दोन प्रकारचे भाग असतात. ‘बी’ नावाचे पाच सारखे तुकडे कड्यासारखे गोलाकार बसलेले असतात आणि त्या कड्याच्या मधोमध ‘ए’ नावाचा एकच तुकडा खोचलेला असतो. पाच पायांच्या चौरंगावर एक मूर्ती ठेवली आहे असे समजा. विष असते ते मूर्तीत. चौरंगाचे काम तिला दारापर्यंत नेण्याचे.

आता या विषाबरोबर आपणही पेशीत शिरू.

लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशींच्या पटलावर साखर आणि मेद यांचे मिळून बनलेले काही रेणू बाहेर डोके काढून असतात. त्यातल्या एकाचे नाव जीएम-१. पेशीने तो काही पटकीसाठी बाळगलेला नसतो! पण ‘बी’चे पाचही तुकडे नेमके या जीएम-१ ला पकडतात. पाच ठिकाणी धरल्यामुळे पकड घट्ट बसते. पेशी आपल्या पटलाचे लहान लहान भाग सतत आत ओढून घेत असते. त्या भागाबरोबर चिकटलेले विषही आत जाते.

पेशीत तयार झालेली प्रथिने साधारणपणे आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जी पिंडात आणि तेथून पेशीबाहेर, अशा वाटेने जातात. विष याच वाटेने उलटे निघते. ‘ए’च्या शेपटीला चार अमिनो आम्लांची एक खूण असते. पेशीची स्वतःची जी प्रथिने जालिकेतच राहायला हवीत, त्यांच्या शेवटी हीच खूण असते. चुकून बाहेर पडलेले असे प्रथिन ‘जालिकेकडे परत’ असा पत्ता वाचून पेशी माघारी पाठवते. विषाने हा पत्ता जणू चोरला आहे. संशोधकांनी ही खूण बदलून पाहिली, तेव्हा विषाचा परिणाम होण्यास जास्त वेळ लागला.

जालिकेत पोचल्यावर ‘ए’चा विषारी भाग चौरंगावरून सुटतो. येथे तो दुसरी चलाखी करतो. जालिकेत नीट घडी न बसलेली, बिघडलेली प्रथिने पेशी बाहेर ढकलते आणि त्यांचे तुकडे करून टाकते. ‘ए’चा हा भाग आपली घडी उलगडून बिघडलेल्या प्रथिनाचे सोंग घेतो. पेशी त्याला टाकाऊ समजून जालिकेबाहेर काढते. मग त्याचे तुकडे का होत नाहीत? टाकाऊ प्रथिनावर पेशी एक चिठ्ठी लावते, आणि ती चिठ्ठी मुख्यतः लायसिन या अमिनो आम्लावर चिकटते. विषाच्या या भागात लायसिन अवघी दोनच आहेत. चिठ्ठी लागत नाही, तुकडे होत नाहीत. बाहेर पडताच तो पुन्हा आपली घडी घालतो आणि कामाला लागतो. या साऱ्या प्रवासाला अर्धा-पाऊण तास पुरतो.

काम कोणते? हे समजण्यासाठी रेल्वे स्टेशनवरचा तो नळ आठवा. दट्ट्या दाबला की पाणी येते आणि हात काढला की नळ आपोआप मिटतो. आतड्याच्या पेशीत असाच एक दट्ट्या आहे. त्याचे नाव जी-प्रथिन. शरीराकडून निरोप आला की जी-प्रथिन ‘चालू’ होते आणि शेजारच्या एका विकराला जागे करते. हे विकर चक्रीय एएमपी नावाचा छोटा रेणू बनवू लागते. (या रेणूच्या शोधाबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) चक्रीय एएमपी वाढले की पेशीच्या आतड्याकडील बाजूची क्लोराइडची दारे उघडतात. काही क्षणांनी जी-प्रथिन आपले आपणच ‘बंद’ होते आणि दारे मिटतात. आतडे ओलसर राहण्यापुरते पाणी त्यामुळे सुटते, जास्त नाही.

पटकीचे विष या दट्ट्यात काडी खुपसते! पेशीतच असलेला एनएडी नावाचा रेणू ते तोडते आणि त्याचा एक मोठा तुकडा जी-प्रथिनाच्या एका ठरावीक अमिनो आम्लावर डकवते. त्यामुळे जी-प्रथिनाला ‘बंद’ होताच येत नाही. शिवाय हे विष स्वतःच एक विकर असल्यामुळे एक काडी खुपसून त्याचे काम संपत नाही. एकच रेणू एकामागून एक कित्येक दट्टे अडकवत जातो. चक्रीय एएमपी भराभर साचते, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत धो धो वाहू लागते, त्याच्या ऋण विद्युतभारामागे सोडियम जाते आणि त्या दोघांमागे परासरणाने पाणी जाते. उलट दिशेने मीठ आत ओढून घेण्याचे पेशीचे नेहमीचे कामही मंदावते. आतड्याने ओतलेले हे पाणी मूळचे रोग्याच्या रक्तातले असते.

पेशी मेलेली नसते, फुटलेलीही नसते. ती तिचेच नेहमीचे काम करत असते, फक्त तिला थांबता येत नाही.

शास्त्रज्ञांनी पुढे या विषाचाच हत्यारासारखा उपयोग केला, ही एक गंमत. जी-प्रथिन कसे चालते हे उलगडण्यात पटकीचे विष फार उपयोगी पडले. त्या शोधाबद्दल गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण जंतूला या खटाटोपातून काय मिळते, असे तुम्ही विचाराल. रोग्याच्या जुलाबाबरोबर कोट्यवधी जंतू बाहेर पडून पुन्हा विहिरीत, ओढ्यात, नदीत पोचतात. त्याला पुढच्या माणसापर्यंत नेणारा प्रवाह तो आपणच तयार करतो. एरवी हा जंतू खाडीच्या मचूळ पाण्यात, बारीक जलचरांना चिकटून राहणारा. माणसाच्या पोटात शिरणे त्याला सोपे नसते. जठरातले आम्ल बहुतेक जंतूंना मारून टाकते. अमेरिकेत स्वेच्छेने पुढे आलेल्या निरोगी माणसांवर याचे प्रयोग झाले. त्यांत असे दिसले की पाण्यातून कोट्यवधी जंतू देऊनही पुष्कळांना काही होत नाही. पण आधी खाण्याचा सोडा देऊन आम्ल मारले, तर दहा लाख जंतूही पुरतात. जे वाचतात ते लहान आतड्यात येऊन केसांसारख्या बारीक प्रथिनतंतूंनी एकमेकांना धरून अस्तरावर वसाहत करतात. आपण आतड्यात आलो आहोत ही खूण पटल्यावरच त्यांची विषाची जनुके जागी होतात. उगाच पाण्यात विष बनवून ते शक्ती वाया घालवत नाहीत.

ही जनुके आली कोठून, याचे उत्तर १९९६ साली मिळाले, आणि ते कोणाच्या स्वप्नातही नव्हते. अमेरिकेतील मॅथ्यू वॉल्डॉर आणि जॉन मेकॅलॅनॉस यांनी दाखवून दिले की विषाची जनुके मुळात या जंतूची नाहीतच. ती एका विषाणूची आहेत! जिवाणूंनाही विषाणू लागतात. हा दोऱ्यासारखा लांबट विषाणू पटकीच्या जंतूत शिरतो आणि आपला डीएनए त्याच्या रंगसूत्रात गुंफून टाकतो. त्या डीएनएतच विषाची कृती लिहिलेली असते. आणि विषाणू जंतूला पकडतो कोठे? आतड्यात वसाहत करण्यासाठी जंतूने काढलेल्या त्याच प्रथिनतंतूंना. म्हणजे पेशीच्या जीएम-१ ला धरून विष आत शिरते, आणि जंतूच्या तंतूंना धरून विषाणू. विषाणू न लागलेले या जातीचे जंतू पाण्यात पुष्कळ असतात, आणि त्यांच्यामुळे पटकी होत नाही.

आता रोग्याकडे परत येऊ. नळ अडकला आहे आणि विष पेशीत जाऊन बसले आहे. ते तेथून काढणारे औषध आपल्याजवळ नाही. मग रोगी वाचवायचा कसा? शिरेतून सलाइन देऊन तो वाचतो. पण खेड्यात, छावणीत एवढे सलाइन आणि एवढ्या सुया आणायच्या कोठून? मिठाचे पाणी पाजले तर ते आतड्यात शोषलेच जात नाही. मीठ आत घेण्याचे नेहमीचे दार तर विषाने जवळजवळ मिटवलेले असते.

पण अस्तराच्या पेशीला दुसरे एक दार आहे. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी सुचवले की ग्लुकोज आणि सोडियम हे पेशीत जोडीने शिरतात. ग्लुकोज असेल तर सोडियम आत जाते, सोडियम असेल तर ग्लुकोज. या दाराचा चक्रीय एएमपीशी संबंध नसतो. म्हणून पटकीतही ते उघडेच राहते. मिठाच्या पाण्यात योग्य प्रमाणात ग्लुकोज घातले की सोडियम आत जाते आणि त्याच्यामागे पाणी. नळ चालूच राहतो, पण टाकी रिकामी होत नाही. ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ साली रोग्यांवर हे सिद्ध केले.

याची खरी कसोटी १९७१ साली लागली. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले होते. बनगावच्या छावणीतल्या लहानशा रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले, आणि सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधून घेतल्या. पिंपात द्रावण केले, पिंपाला तोटी बसवली आणि रोग्यांच्या आई-बापांना, भावंडांना सांगितले, पाजत राहा. आधी शेकडा सुमारे तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण शेकडा ३.६ वर आले. आज औषधांच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी याच तत्त्वावर बनते. तिचे प्रमाण पुढे सुधारले आहे: एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. पुडी मिळाली नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा घ्यावा) ढवळून ते द्रावण पाजत राहावे. रोगी ग्लानीत असेल किंवा त्याच्या पोटात काही टिकत नसेल, तर मात्र शिरेतून सलाइन द्यावेच लागते आणि त्यासाठी दवाखाना गाठावा लागतो.

आणि तो अडकलेला दट्ट्या? त्यातली काडी कोणी काढत नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशी मुळातच अल्पायुषी असतात. रसांकुरांच्या बुडाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत शेंड्यावरून गळून पडतात. विषाने पछाडलेल्या पेशीही अशाच गळून जातात, अडकलेल्या दट्ट्यासकट. त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशींचा नळ पुन्हा नीट मिटतो. योग्य प्रतिजैविक दिल्यास जंतू लवकर मरतात आणि नव्या पेशींना विष लागत नाही. तेवढे दिवस रोग्याला पाणी, मीठ आणि साखर कमी पडू द्यायची नसते.